ताब्यानंतरची पन्नास वर्षं

हरित इमारतींच्या सल्लागाराला बहुतेक वेळा उशिरा बोलावलं जातं. प्लॉट घेऊन झालेला असतो, नकाशे मंजूर होऊन आलेले असतात, पहिल्या टॉवरचं बुकिंग सुरू झालेलं असतं. मग कुणाच्या तरी लक्षात येतं, की वाढीव एफएसआय मिळवायचा तर ग्रीन रेटिंग लागणार. फोन येतो, "किती पॉइंट बसतात ते बघून सांगा." तोवर इमारतीचं तोंड कुठल्या दिशेला, खिडक्या किती मोठ्या, भिंती कशाच्या, खोलीतून वारा आरपार जाणार की नाही, हे सगळं ठरून गेलेलं असतं. सल्लागाराच्या हाती उरतात नळ, दिवे, रंग आणि कागदपत्रं.

या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या तरुण आर्किटेक्ट-इंजिनिअरांसाठी हे पुस्तक लिहिलं आहे. सोसायटीच्या कमिटीवर काम करणाऱ्यांनाही ते उपयोगी पडावं अशी इच्छा आहे, कारण इमारत शेवटी त्यांच्याच गळ्यात पडते. प्रकल्पाच्या बैठकीला कोण कोण असतं ते आठवून बघा. विकासक असतो, आर्किटेक्ट असतो, आरसीसी कन्सल्टंट, प्लंबिंग आणि एसीवाले, मार्केटिंगची मंडळी असतात. ताबा दिला की या प्रत्येकाचं काम संपतं. ज्यांचं काम त्या दिवशी सुरू होतं, म्हणजे तिथे राहणारे, बसणारे, बिलं भरणारे, त्यांच्यातलं कुणीही त्या टेबलाशी नसतं. इमारत पन्नास-साठ वर्षं उभी राहणार असते. त्या वर्षांच्या वतीने बोलणं हे सल्लागाराचं काम आहे असं मी मानतो. पुढच्या सगळ्या प्रकरणांत हाच धागा आहे.

सुरुवात सूर्यापासून केली आहे, कारण त्याला पैसे पडत नाहीत आणि तो चुकवताही येत नाही. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून 48 अंशांवर असतो, 21 मार्चला 71 अंशांच्या वर, आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो चक्क उत्तरेकडे सरकलेला असतो. याचा अर्थ असा : दक्षिणेच्या खिडकीवर 60 सेंटिमीटरचा साधा छज्जा काढला, तर मार्चच्या दुपारी त्याची सावली पावणेदोन मीटरपर्यंत उतरते. सव्वा मीटरची खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात तीच सावली जेमतेम 67 सेंटिमीटर पडते आणि हवंहवंसं ऊन आत येतं. एका छज्ज्याने ऋतूप्रमाणे पडदा ओढला आणि उघडला, तेही विजेशिवाय.

आता तोच छज्जा पश्चिमेला लावा. एप्रिलच्या मध्यावर दुपारी साडेचारला सूर्य साधारण 30 अंशांवर, जवळजवळ समोर आलेला असतो. 60 सेंटिमीटरच्या छज्ज्याची सावली 35-40 सेंटिमीटरच उतरते, बाकीची काच उन्हात. पश्चिमेला आडवा छज्जा पुरत नाही. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, खोल बाल्कनी, झाड, नाहीतर मुळात लहान खिडकी लागते. जिना, लिफ्ट, संडास-बाथरूम, ड्राय बाल्कनी अशा गोष्टी पश्चिमेला टाकल्या तर त्या बेडरूमच्या वाटचं ऊन अंगावर घेतात. हे गणित अकरावीच्या त्रिकोणमितीचं आहे. नकाशाच्या पहिल्या आठवड्यात ते मांडलं, तर त्याचा खर्च शून्य आहे. स्लॅब पडल्यावर मांडलं, तर उपाय म्हणून एसी उरतो.

भिंतीची गोष्ट याहून गंभीर आहे. शहरांत आज टॉवर मायवान शटरिंगने उभे राहतात. अॅल्युमिनियमचे साचे लावायचे, भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओतायचे, आठ-दहा दिवसांत मजला वर. वेगाच्या दृष्टीने ही पद्धत उत्तम आहे. पण बाहेरची भिंत 150 मिलिमीटर भरीव काँक्रीटची होते आणि 200 मिलिमीटरच्या एएसी ब्लॉकच्या भिंतीच्या मानाने साधारण चौपट उष्णता आत सोडते. दिवसभर तापलेली ती भिंत रात्री, माणसं झोपायला टेकतात तेव्हा, उष्णता आत ओतत राहते. फ्लॅट विकत घेणारा टाइल्स ठोकून बघतो, नळ सोडून बघतो, पण भिंत कशाची आहे हे विचारणारा गिऱ्हाईक विरळा. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने, म्हणजे बीईईने, 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. इमारतीच्या बाहेरच्या आवरणातून दर चौरस मीटरला सरासरी किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिने घालून दिली : 15 वॅट. मायवानच्या टॉवरला ही मर्यादा पाळायची तर खिडक्यांवर सावली, काचेची निवड आणि भिंतीला बाहेरून इन्सुलेशन यांचा हिशेब सुरुवातीलाच करावा लागतो. संहितेवरचं प्रकरण रटाळ वाटेल, तरीही ते गाळू नका.

आपल्या जुन्या घरांनी हे प्रश्न कसे सोडवले होते, यावर एक मोठं प्रकरण आहे. मुद्दाम सांगतो, ते गतकाळाच्या ओढीने लिहिलेलं नाही. सोलापूर-मराठवाड्याकडची धाब्याची घरं घ्या : जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचं माळवद. दिवसाचं ऊन त्या मातीत मुरायचं आणि आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची, तोवर माणसं माळवदावर झोपायला गेलेली असायची. कोरड्या हवेत, दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असताना हे जमतं. कोकणात तसा फरकच नाही. तिथे जड भिंतीपेक्षा वाहता वारा लागतो, म्हणून उतरतं कौलारू छप्पर, पुढे पडवी, झड आत येऊ नये इतके खाली आलेले वळचणीचे पाखे. नागपुरात मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या आणि कूलर गारवा देतात, कारण हवा कोरडी असते. तोच कूलर मुंबईत लावला तर घाम वाढतो. एकाच राज्यात हवामानाच्या इतक्या तऱ्हा असताना सगळीकडे एकच काचेची इमारत बांधली जाते, याचं मला मनापासून दुःख होतं.

जुनं ज्ञान नव्या उंचीवर नेता येतं, याचं मुंबईतलं उदाहरण म्हणजे चार्ल्स कोरियांची कांचनजंगा, 1983 मध्ये पूर्ण झालेली 28 मजली इमारत. मुंबईत वारा पश्चिमेच्या समुद्रावरून येतो, सुंदर देखावाही तिकडेच, पण तिकडूनच दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही येतो. जुन्या बंगल्यांनी यावर घराभोवती व्हरांडा गुंडाळला होता. कोरियांनी तो व्हरांडा टॉवरमध्ये नेला, कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या बागा-गच्च्या कोरून. घर त्यांच्या मागे, सावलीत राहतं. त्या वेळी भारतात ग्रीन रेटिंग नावाची गोष्ट नव्हती.

रेटिंगचा इतिहास थोडक्यात असा. ब्रिटनमध्ये 1990 मध्ये 'ब्रीम' आलं, त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत 'लीड'. भारतात सीआयआयने 2001 मध्ये इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, म्हणजे आयजीबीसी, स्थापन केली. हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला 2003 मध्ये लीडचं प्लॅटिनम मिळालं आणि लोकांचं लक्ष या विषयाकडे वळलं. टेरीने घडवलेली 'गृह' पद्धत केंद्र सरकारने 2007 मध्ये राष्ट्रीय रेटिंग म्हणून स्वीकारली, त्याच वर्षी मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आली. महाराष्ट्रात 2020 च्या एकत्रित नियमावलीने रेटिंगच्या पायरीनुसार 3, 5 आणि 7 टक्के वाढीव एफएसआय देऊ केला, आणि सल्लागारांचे फोन वाजू लागले ते मुख्यतः त्यामुळे.

रेटिंगबद्दल माझं मत चांगलं आहे. ते नसतं तर पाणी, ऊर्जा, साइटवरच्या मजुरांसाठी शौचालय आणि पिण्याचं पाणी, वरची सुपीक माती बाजूला काढून जपणं, हे विषय बैठकीच्या अजेंड्यावर आलेच नसते. माझा आग्रह एवढाच, की रेटिंग हे बांधकामाचं मोजमाप आहे आणि वापराचं मोजमाप अजून व्हायचं आहे. इमारत वर्षाला दर चौरस मीटर किती युनिट खाते, हा आकडा ताब्यानंतर बारा महिन्यांनीच कळतो. बीईईची कार्यालयांसाठीची स्टार पद्धत याच आकड्यावर चालते. ऑस्ट्रेलियातल्या 'नेबर्स'नेही बिलं मोजण्याचाच रस्ता धरला. सल्लागाराने करारातच लिहून घ्यावं, की एक वर्ष वापर झाल्यावर मी परत येईन, मीटर वाचेन आणि जे दिसेल ते लेखी देईन. यासाठी वेगळी फी मागायला लाजू नये.

या कामातली पहिली दोन वर्षं कागदात जातात, हे आधीच सांगितलेलं बरं. सिमेंटमध्ये फ्लाय अॅश किती टक्के याचं कंपनीचं पत्र, रंगातल्या व्हीओसीचा दाखला, राडारोडा कुठे टाकला त्याची पावती, एएसी ब्लॉकचं चलन, प्रत्येक नळाचा लिटरमधला प्रवाह. आयजीबीसीची किंवा गृहची परीक्षा देऊन, एनर्जी प्लसवर मॉडेल करायला शिकून आलेल्या मुलामुलींचा यात हिरमोड होतो. मी त्यांना एकच सांगतो : कागद करा, पण आठवड्यातून एक दिवस साइटवर जा. कागदावर 'छताला इन्सुलेशन' असं लिहिलेलं असतं. साइटवर गेल्यावर दिसतं, की 50 मिलिमीटरचे बोर्ड कोब्याखाली घातले खरे, पण पाण्याच्या टाकीच्या खालचा भाग आणि पॅरापेटच्या कडेचा अर्धा-अर्धा मीटर सोडून दिलाय, कारण वॉटरप्रूफिंगवाल्याला तिथे गोलाई काढायची होती. मुकादमाला विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो, की ड्रॉइंगमध्ये कडेचा तपशीलच नव्हता. त्या जागी बसून, चहा घेत, त्याच्यासमोर कागदावर कडेचा छेद काढून देणं हे सिम्युलेशनइतकंच महत्त्वाचं काम आहे.

काचेची बैठक तर जवळपास प्रत्येक ऑफिस प्रकल्पात होते. परचेसचा माणूस टेबलावर दोन तुकडे ठेवतो, दोन्ही तळहाताएवढे, दोन्ही निळसर हिरवे. डोळ्यांना फरक कळत नाही. एक तुमच्या स्पेसिफिकेशनमधला, दुसरा स्वस्त. "यू व्हॅल्यू सेम आहे, इक्विव्हॅलंट आहे," तो म्हणतो, आणि त्याचं म्हणणं खरं असतं. फरक दुसऱ्या आकड्यात असतो : काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते, ज्याला एसएचजीसी म्हणतात. एका काचेचा तो 0.27, दुसरीचा 0.55. पश्चिमेला 100 चौरस मीटर काच आहे आणि दुपारी दर चौरस मीटरवर 500 वॅट ऊन पडतंय असं धरा. पहिल्या काचेतून साडेतेरा किलोवॅट आत येतात, दुसरीतून साडेसत्तावीस. फरक चौदा किलोवॅट, म्हणजे चार टन एसी. हा आकडा त्या बैठकीत, एसीच्या कन्सल्टंटच्या तोंडून आला पाहिजे. वाढलेली यंत्रणा, तिची केबल, तिचा ट्रान्सफॉर्मरवरचा भार हे सगळं काचेच्या बचतीशेजारी मांडलं, की निर्णय सहसा योग्य होतो. पर्यावरणाच्या नावाने भाषण करून मी तो कधी होताना पाहिलेला नाही.

एसी किती थंड ठेवायचा, या प्रश्नामागे विज्ञानाचा एक धडा आहे. माणसाला कुठलं तापमान सुखाचं वाटतं, याचं जगभर वापरलं गेलेलं सूत्र डॅनिश शास्त्रज्ञ फँगर यांनी 1970 च्या सुमारास मांडलं, तेही मुख्यतः डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर बंद खोलीत केलेल्या प्रयोगांतून. आपल्या कार्यालयांत त्याच आकड्यांवर एसी लागले आणि माणसं जूनमध्ये शाल घेऊन बसू लागली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या हवामानांच्या पाच भारतीय शहरांतल्या कार्यालयांत जाऊन लोकांनाच विचारलं. उत्तर असं आलं, की बाहेर जशी हवा तापते तसं आपलं शरीर जुळवून घेतं आणि बरंच जास्त तापमान आपल्याला चालतं. हे प्रारूप 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आलं. 2020 पासून घरगुती एसी सुरू करताना मूळ तापमान 24 अंश ठेवण्याचा नियम आहे. छताच्या पंख्याने हवा हलती ठेवली तर त्याहूनही वर सुखाने बसता येतं. नव्या कॉर्पोरेट ऑफिसांमधून पंखा हद्दपार झाला आहे. तो परत आणण्यासाठी मी प्रत्येक प्रकल्पात भांडतो, आणि तुम्हीही भांडावं.

पाण्याच्या प्रकरणात वाचकांना धक्का बसेल. 200 फ्लॅटची, 800 माणसांची सोसायटी घेऊ. गच्ची दीड हजार चौरस मीटर, पुण्यातला पाऊस साधारण 700 मिलिमीटर, थोडं पाणी वाया जाणार असं धरून गच्चीवरून वर्षाला आठ लाख चाळीस हजार लिटर मिळतं. ऐकायला मोठं वाटतं. पण माणशी रोज 135 लिटर या मापाने त्या सोसायटीला दिवसाला एक लाख आठ हजार लिटर लागतं, म्हणजे वर्षभराचा पाऊस आठ दिवसही पुरत नाही. आता त्या 135 लिटरमधले 45 लिटर फ्लशला जातात. ते जर एसटीपीतून शुद्ध केलेलं पाणी असेल, तर रोज 36 हजार लिटर वाचतं, वर्षाला एक कोटी एकतीस लाख. गच्चीवरच्या पावसाच्या पंधरापट. पर्जन्यजल जमिनीत मुरवायलाच हवं, बोअरवेल त्याच्यावर जगते. पण टँकर थांबवायचा तर एसटीपी चालू राहिला पाहिजे.

आणि तो चालू राहत नाही. यातली सगळ्यात दुखरी जागा हीच आहे. बिल्डर यंत्रणा बसवून देतो, प्रमाणपत्र मिळतं, ताबा होतो. दोन वर्षांत ब्लोअरचं वीजबिल कमिटीच्या डोळ्यात खुपतं, तळघरात वास येतो, ऑपरेटर कमी पगारावर ठेवलेला असतो, आणि एके दिवशी व्हॉल्व्ह फिरवून सांडपाणी सरळ ड्रेनेजला जोडलं जातं. एसटीपीत जिवाणू असतात. दुभत्या जनावरासारखं त्यांना रोज वेळेवर खाणं आणि हवा लागते, चार दिवस दुर्लक्ष केलं तर ते मरतात. म्हणून सल्लागाराने सुरुवातीलाच पाहावं, की यंत्रणा तळघराच्या काळोख्या कोपऱ्यात न जाता जिथे माणूस सहज उभा राहू शकेल, हवा खेळेल आणि पंप बाहेर काढता येईल अशा जागी आहे. ऑपरेटरला मराठीत लिहिलेला एक पानी तक्ता द्यावा, कमिटीला वर्षाचा खर्च आणि त्यासमोर टँकरचा वाचलेला खर्च लिहून द्यावा. हे काम कुठल्याही क्रेडिटमध्ये मोजलं जात नाही.

शेवटचं प्रकरण पुनर्विकासावर आहे, आणि ते लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मुंबई-पुण्यात तीस-पस्तीस वर्षांच्या इमारती पाडून तिथे दुप्पट-तिप्पट उंचीचे, ग्रीन रेटिंग मिळालेले टॉवर उभे राहत आहेत. सिमेंटसाठी चुनखडी भाजली, की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जळणाचा धूर तो वेगळा. एक टन क्लिंकरमागे आठ-नऊशे किलो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक खुद्द दगडातून, त्यामुळे भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो टळत नाही. फ्लाय अॅशचं पीपीसी, स्लॅगचं सिमेंट, आणि भाजलेली चिकणमाती व चुनखडी मिसळलेलं एलसी3, ज्यासाठी 2023 मध्ये भारतीय मानक आलं, यांनी क्लिंकर बराच कमी करता येतो. तरीही सगळ्यात कमी कार्बनची इमारत ही बहुतेक वेळा उभी असलेलीच असते. ती धोकादायक असेल, लिफ्टअभावी म्हातारी माणसं वर अडकली असतील, घरं अपुरी असतील तर पाडावीच लागेल, आणि रहिवाशांची ती गरज मी कमी लेखत नाही. पण स्ट्रक्चरल ऑडिट, डागडुजी, बाहेरून लिफ्ट, गच्चीवर इन्सुलेशन या पर्यायांची किंमत कुणी मांडलेलीच नसते. ती मांडून सभेपुढे ठेवणं सल्लागाराला करता येतं. अशा कामाची फी सोसायटीकडूनच घ्यावी, बिल्डरकडून घेऊ नये.

फीचा विषय निघाला म्हणून एक स्पष्ट सांगतो. आपल्याला पैसे विकासक देतो आणि आपण बोलायचं ते त्या इमारतीत पुढे राहणाऱ्यांच्या वतीने. ही ओढाताण या धंद्यातून जाणार नाही. माझा अनुभव असा, की आकडे खरे ठेवले, वाईट बातमी लवकर सांगितली आणि प्रत्येक आक्षेपासोबत परवडणारा पर्याय दिला, तर बहुतेक विकासक ऐकतात. जो प्रमाणपत्रापुरताच सल्लागार शोधतोय, त्याला पहिल्याच बैठकीत नम्रपणे नाही म्हणावं. तो दुसरा कुणी शोधेल, पण त्या इमारतीवर तुमचं नाव लागणार नाही.

हे पुस्तक ज्यांच्यामुळे लिहिता आलं ते बहुतेक साइटवरचे लोक आहेत : ज्यांनी रात्री मीटर रूम उघडून दिल्या ते वॉचमन, जुन्या पाइपांचे रस्ते पाठ असलेले प्लंबर, आणि वर्षानुवर्षांची वीजबिलं फायलीत लावून ठेवणारे सोसायट्यांचे सेक्रेटरी. त्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण त्यांनी दाखवलेल्या त्रुटी ज्यांच्या होत्या त्यांचीही दिलेली नाहीत.

प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. कमिटीवरच्या वाचकांनी पाण्यापासून सुरुवात करावी, विद्यार्थ्यांनी सूर्यापासून. शेवटी दिलेले सावलीचे तक्ते पुण्याच्या अक्षांशासाठी आहेत. नागपूर 21 अंशांच्या थोडं वर आहे, कोल्हापूर 17 च्या थोडं खाली, पणजी साडेपंधराला. आपल्या गावाचा अक्षांश घालून ते तक्ते प्रत्येकाने स्वतः पुन्हा करावेत. रीत दुसऱ्या प्रकरणात दिली आहे, आणि त्यासाठी साधा कॅल्क्युलेटर पुरतो.